वन्संच्या मशीनवरचं ऑटो

मी आयुष्यात एकदाच सूड घेतला, पण पुरेपूर घेतला. वय झालं की माणसानं सगळं सोडून द्यावं, मनात काही ठेवू नये, असं मला पुष्कळ जण सांगतात. सोडते की. एवढं एक सोडून बाकी सगळं सोडते. हे मात्र मी डब्यात घालून ठेवलंय, अधूनमधून झाकण काढून बघते, आणि अजून त्याचा वास तसाच आहे.

बिबवेवाडीत आमचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे पडदा, अलीकडे कॅमेरा, पलीकडे माझा स्वयंपाक. पासपोर्टच्या फोटोला बसलेल्या माणसाला मिरचीच्या फोडणीचा ठसका लागायचा आणि ह्यांना थांबून राहावं लागायचं. हे फोटो काढायचे आणि मी गिऱ्हाइकांच्या पदराला पिना लावायची, लहान मुलांपुढे खुळखुळा हलवायची. पुढे सगळीकडे कॉम्प्युटर आले तसा आमच्याकडेही आला, पण हे काही त्याला हात लावेनात. म्हणाले, "मला अंधारात रोल धुता येतो. हे उंदीर फिरवणं माझ्यानं व्हायचं नाही." मग मी बसले. माझं शिक्षण नववीपर्यंत, तेही गणितात लटपटत. पण भीती नव्हती. एक बटण दाबायचं, काय होतं ते बघायचं, बिघडलं की मागे यायचं. स्वयंपाक तरी मी दुसऱ्या कुठल्या रीतीनं शिकले होते?

त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे ती रेघ. एक चौकोन उघडायचा आणि त्यात खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्यात गेलेली एक तिरकी रेघ असायची. खालचं टोक म्हणजे फोटोतला काळोख, वरचं टोक म्हणजे लख्ख उजेड, आणि माणसाचा चेहरा बहुतेक वेळा मधे कुठेतरी. ती रेघ मधेच धरून जराशी वर उचलली की चेहरा उजळायचा, खाली दाबली की सावळायचा. कपडे वाळत घालायची दोरी आपण कशी काठीनं वर उचलतो, अगदी तसं. आणि शेजारी एक 'ऑटो'चं बटण. ते दाबलं की मशीन आपल्याच मनानं दोरी वरखाली करायचं.

ह्यांचा एक नियम होता. फोटोतलं माणूस रस्त्यात भेटलं तर ओळखू आलं पाहिजे. लग्नासाठी फोटो काढायला मुली यायच्या, बरोबर आया यायच्या, आणि आई हळूच माझ्या कानाशी यायची. "अहो, जरा उजळ करता येईल ना?" मी म्हणायची, "येईल की. पण मग लग्नालाही फोटोच पाठवावा लागेल." बऱ्याचजणी हसायच्या. काही रागावून दुसरीकडे जायच्या. जाऊ देत. पण आमच्याकडून गेलेला फोटो खरा, एवढं आमचं नाव होतं, आणि तेवढंच होतं. बाकी खोलीचा रंगसुद्धा उडालेला होता.

आता वन्संकडे येते. माझी थोरली नणंद. ह्यांना धाकात वाढवलेलं, त्यामुळे ताई म्हटलं की हे अजून सरळ उभे राहायचे. वन्सं आमच्या समाजाचं वधूवर सूचक मंडळ चालवायच्या. आधी फायलींमध्ये फोटो आणि पत्रिका असायच्या. मग हिंजवडीला कंपन्या आल्या, गळ्यात पट्टा अडकवलेली मुलं कंपनीच्या बसनं जायला यायला लागली, आणि बघता बघता सगळ्या मुलींच्या बापांना तसलाच जावई हवा झाला. त्या मुलांना फायली चाळायला वेळ कुठला? म्हणून वन्संनी मंडळाची वेबसाइट काढली. नवा कॉम्प्युटर घेतला, त्यात फोटोच्या सॉफ्टवेअरचं नवंकोरं व्हर्जन. आमच्याकडे होतं ते जुनं.

माझ्या लेकीचं नावही मंडळात होतं. माझी लेक सावळी आहे. छान सावळी आहे, आणि तिला स्वतःला ते कधी खटकलं नाही. हिंजवडीतच नोकरीला होती. तिचा फोटो ह्यांनी काढला, मी बसून नीट केला. मरून रंगाची साडी, मागे गडद निळा पडदा, केसात पांढराशुभ्र गजरा. तिच्यासारखीच दिसत होती. मी तो सीडीवर घालून वन्संकडे दिला.

येरवड्याकडची एक मंडळी बघायला आली. मुलगा, आई, वडील. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाच्या आईनं पर्समधून एक कागद काढला. वेबसाइटवरचा फोटो छापून आणला होता. एकदा कागदाकडे बघितलं, एकदा लेकीकडे.

"फोटोत चांगली उजळ दिसते हो मुलगी," म्हणाल्या.

लेक ट्रे ठेवून उभी राहिली. "ट्यूब लावू का, काकू?"

मुलगा हसला बिचारा. आई हसली नाही. मंडळी उठली. जाताना वडील ह्यांना म्हणाले, "तुम्ही स्वतः फोटोग्राफर. असं करायला नको होतं." हे नुसते उभे. मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. पुसून टाकल्यासारखा झाला होता.

कागद मुलाच्या आई तिथेच टाकून गेल्या होत्या. मी उचलला. फोटो आमचाच, पण आमचा नव्हे. साडी विटकरी गुलाबी झालेली, मागचा पडदा धुतल्यासारखा, मानेखालची सावली गायब, आणि माझी लेक पिठानं माखल्यासारखी.

दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून वन्संकडे गेले. त्या कामातच होत्या. त्यांची पद्धत अशी, की आठवड्यात जमलेले सगळे फोटो एकत्र करायचे, सगळ्यांना एकदम ऑटो लावायचं, आणि मशीन करतंय तोवर आपण गवार मोडत बसायचं. झालं की एकही फोटो न बघता वेबसाइटवर.

मी म्हटलं, "वन्सं, जरा थांबा. हे बघा." लेकीचा फोटो त्यांच्याच मशीनवर उघडला. सावळी, आहे तशी. मग त्यांचं ऑटो दाबलं. डोळ्यांदेखत गोरी झाली. मी समजावून सांगितलं. माझ्या जुन्या व्हर्जनमधलं ऑटो फक्त टोकं बघतं. फोटोत काळ्यात काळं काय, पांढऱ्यात पांढरं काय. हिचे केस काळेभोर, गजरा पांढरा, दोन्ही टोकं आधीच जागच्या जागी, म्हणून माझ्याकडे ऑटो दाबलं तरी फोटो हलत नाही. तुमचं नवीन आहे ते मधलं बघतं. एकंदर फोटो गडद वाटला की मधे धरून दोरी वर उचलतं. मग चेहरा कुणाचाही असो.

वन्संनी गवारीचा देठ मोडला. "म्हणजे तुझं मशीन जुनं आणि चूक माझ्या नव्याची?"

"चूक म्हणत नाही. दोघांचा स्वभाव वेगळा आहे."

"अगं, तुझ्याकडे मुली काळ्या निघतात ते मशीन जुनं म्हणून. हे अमेरिकेत केलेलं आहे. त्यांना काय रंग कळत नाही?"

"त्यांना तुमची भाची कुठे माहीत आहे, वन्सं?"

त्यांनी पुढची शेंग उचलली. पण बघितलं होतं त्यांनी. स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या पडद्यावर. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते न कळून झालेलं नाही.

पुढच्या महिन्यात मंडळाचा मेळावा होता, नेहमीच्या मंगल कार्यालयात. तोवर आणखी काही ठिकाणी असंच घडलं होतं, फोटो वेगळा आणि मुलगी वेगळी, आणि मुलाकडचे लोक मंडळावर चिडले होते. वन्संना कुणाच्या तरी माथी मारायला हवंच होतं. त्यांनी माइक घेतला आणि भरल्या सभागृहात म्हणाल्या, "काही स्टुडिओवाले मुलींना गोरं करून देतात आणि मुलाकडच्यांची फसवणूक होते. बिबवेवाडीतल्या एका स्टुडिओपासून पालकांनी सावध राहावं. माझ्या नात्यातले आहेत, पण मी सांगायला कचरत नाही."

टाळ्या पडल्या. नात्यातल्यांनाही सोडत नाहीत म्हणून टाळ्या! आम्ही तिथेच बसलो होतो. ओळीतल्या बायका वळून बघायला लागल्या. हे मांडीवरची पिशवी नीट करत राहिले. नीट असलेलीच पिशवी.

त्यानंतर लग्नाच्या फोटोला मुली यायच्या बंद झाल्या. ज्या आयांना मी "उजळ करणार नाही" म्हणून परत पाठवलं होतं, त्याच आता रस्त्यात म्हणायच्या, "तुम्ही करत नाही म्हणालात, आणि करत होतात की!" हे म्हणायचे, "ताई बोलली, जाऊ दे." लेक म्हणायची, "आई, मला त्या घरात जायचंच नव्हतं, तू का जळतेस?" तिचं खरं होतं. तिला काही झालं नव्हतं. पण मला एकच हवं होतं. त्याच माइकवर, त्याच लोकांसमोर, वन्संनी आपल्या तोंडानं ते शब्द मागे घ्यायचे. दुसरं काही नको. त्यासाठी मी वर्षभर थांबायला तयार होते, आणि थांबले. सणावारी त्यांच्याकडे गेले, वाकून नमस्कार केला, त्यांच्या हातची पुरणपोळी खाल्ली आणि चांगली झाली म्हणून सांगितलं. चांगली झालीच होती. पोळी त्यांना यायची.

त्यांचा मुलगा, माझा भाचा, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये होता. गुणी आणि हसरा, आणि रंगानं माझ्या लेकीच्या वरताण सावळा. पुढच्या मेळाव्यात त्याचंही नाव घालायचं ठरलं. त्या वर्षी मंडळ पहिल्यांदाच रंगीत परिचय पुस्तिका छापणार होतं आणि पहिल्या पानावर साहजिकच अध्यक्षांचे चिरंजीव. वन्सं त्याला कुठल्यातरी मोठ्या स्टुडिओत पाठवणार होत्या. हाच म्हणाला, "मी मामाकडेच काढणार." लहानपणापासूनचे त्याचे सगळे फोटो ह्यांनीच काढलेले.

मला ते कळलं तेव्हा मी कणीक मळत होते. हात तसेच राहिले.

आमच्या जवळ एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथे ते नवं व्हर्जन होतं. मी तिथे जाऊन बसायला लागले. मास्तर म्हणाला, "काकू, आता या वयात कोर्स?" म्हटलं, "भाच्याच्या लग्नाची तयारी." घरचे जुने फोटो घेऊन गेले होते. एकेकाला ऑटो लावून बघितलं. पुरती खात्री करून घेतली. फोटो जितका काळोखा, तितकी त्या मशीनची दोरी वर. ब्लॅक अँड व्हाइटच्या काळातला एक काळा मखमली पडदा आमच्या ट्रंकेत होता. तो काढला, उन्हात टाकला, झटकला.

भाचा आला. मी म्हटलं, "काळा कोट घाल. पांढरा शर्ट."

"मामी, मागे पण काळं? मी दिसणार का?"

"कॉलर पांढरी आहे ना, तिच्यावरून शोधतील."

हे कॅमेऱ्यामागून माझ्याकडे बघत होते. मग दिवा जरा जवळ घेतला. फोटो असा आला म्हणून सांगू! डोळे पाणीदार, चेहरा तांब्याच्या भांड्यासारखा घासूनपुसून लखलखीत, काळ्यातून नुसता तो बाहेर आलेला. ह्यांनी काढलेल्या चांगल्या फोटोंपैकी एक. मी त्यात केसभर बदल केला नाही. मोठी प्रिंट काढली, बरोबर सीडी दिली, आणि स्वतः नेऊन वन्संच्या हातात ठेवली.

प्रिंट बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "राजबिंडा आलाय गं," म्हणाल्या.

"पुस्तिकेत सीडीवरचा घ्या," मी म्हटलं. "काही करू नका त्याला. आहे तसाच घाला."

सांगितलं मी. तोंडानं सांगितलं. आणि मला माहीत होतं की माझं सांगणं त्या ऐकणार नाहीत. ढिगातल्या फोटोंबरोबर सीडीवरचा टाकतील, ऑटो लावतील आणि गवार मोडतील. बघायचं कारणच काय, प्रिंट सुंदर होती ना! तुम्ही म्हणाल, पोराचा काय दोष. काहीच नाही. माझ्या पोरीचा तरी काय होता?

मेळाव्याच्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसले. हे म्हणाले, "एवढं काय आहे?" म्हटलं, "भाच्याचा परिचय आहे." दुसऱ्या रांगेत जागा धरली. दारातच पुस्तिका मिळाली. पहिलं पान उघडलं आणि माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. मखमलीचा पडदा राखेसारखा करडा. काळा कोट धुऊन धुऊन विटल्यासारखा. आणि भाचा! तांदळाच्या पिठीत तोंड घालून वर काढल्यासारखा पांढरा, त्यात ओठ तेवढे गुलाबी.

परिचय सुरू झाले. मुलामुलींनी एकेक करून व्यासपीठावर जायचं, माइकवर आपलं नाव, शिक्षण, नोकरी सांगायची. पहिला भाचाच. तो उभा राहिला आणि सभागृहात पानं फडफडायला लागली. वर बघतात, खाली बघतात. कुजबुज. मग एक गृहस्थ उठले, बाणेदारपणे चष्मा वर करून म्हणाले, "एक शंका आहे. पुस्तिकेतले चिरंजीव आणि हे चिरंजीव एकच का?"

हशा पिकला. मागून एक बाई म्हणाल्या, "तसं नव्हे, मुलाला त्वचेचं काही आहे का? औषध चालू असेल तर आधी सांगावं, एवढंच."

आता हसणं थांबलं. लग्नाच्या बाजारात हा प्रश्न एकदा निघाला की चिकटून बसतो. भाचा माइक धरून उभा, वन्संचा चेहरा उतरलेला. त्या खाली उतरून थेट माझ्याकडे आल्या.

"हे तू केलंस."

मी पर्समधून प्रिंट काढली. दुसरी प्रत मी ठेवून घेतली होती. "मी हा दिला होता, वन्सं. तुम्हीच राजबिंडा म्हणालात."

"मग छापताना असा कसा झाला?"

"तुम्हाला माहीत आहे कसा झाला."

बघितलं त्यांनी माझ्याकडे. खरंच बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच. वर मुलगा उभा होता, लोक वाट बघत होते. मुलाला सोडवायचं तर खरं सांगायला हवं, आणि खरं सांगायचं तर गेल्या वर्षीचं गिळायला हवं. तिसरी वाट मी ठेवलीच नव्हती. माझ्या हातातली प्रिंट घेऊन त्या वर गेल्या.

"काही तांत्रिक कारणामुळे," त्या म्हणाल्या, "चिरंजीवांचा फोटो जरा उजळ छापला गेला. मूळ फोटो हा आहे."

मी दुसऱ्या रांगेतून उभी राहिले. "वन्सं, मागे ऐकू येत नाही."

त्यांनी माइक जवळ घेतला. "मंडळाच्या मशीनवर फोटो उजळ होतात. आपोआप."

"मुलींचेपण का हो?"

ह्यांनी माझा पदर ओढला. "अगं, बस."

"... मुलींचेपण," वन्सं म्हणाल्या.

चष्मेवाले गृहस्थ आता रंगात आले होते. "म्हणजे स्टुडिओतून येताना ते व्यवस्थित असतात?"

"हो."

"कुठल्या स्टुडिओतून?" मी विचारलं. "मागच्यांना ऐकू येत नाही, वन्सं."

वन्संनी आमच्या स्टुडिओचं नाव घेतलं. बिबवेवाडीतला म्हणून सांगितलं. गेल्या वर्षी आपण त्यांच्याबद्दल जे बोललो ते चुकीचं होतं, असंही म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, म्हणून मी आणखी एकदा म्हटलं, ऐकू येत नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मला टाळ्या नकोच होत्या. मी शांतपणे खाली बसले, निऱ्या सारख्या केल्या. भाच्यानं मग आपलं नाव, शिक्षण, नोकरी सांगितली, आणि शेवटी म्हणाला, "रंग समोर आहे, पसंत असेल त्यांनीच फोन करावा." पोरगं हसतच खाली आलं. माझ्या शेजारून जाताना वाकून म्हणाला, "मामी, मखमलीचा पडदा अं?" मी म्हटलं, "काळा रंग तुला खुलतो रे."

जेवायला आम्ही थांबलो नाही. हे स्कूटर चालवत होते, मी मागे. स्वारगेटच्या सिग्नलपर्यंत एक अक्षर नाही. मला वाटलं रागावले. शेवटी बहीण ती. सिग्नलला थांबल्यावर मान न वळवता म्हणाले, "मला तर पहिल्या वेळीच स्वच्छ ऐकू आलं होतं."

"मलाही," मी म्हटलं.